पावातली कोळंबी

बंगळूरच्या अलसूर भागात राहणाऱ्या जयसिंगरावांच्या हातचं मटण विमान कारखान्यातल्या त्यांच्या दोस्तांना चांगलंच ठाऊक होतं. रविवारी ते कमरेला पंचा गुंडाळून चुलीपुढे बसायचे. बायको चंद्राबाई कांदा चिरून, वाटण वाटून द्यायची आणि पंगत बसली की वाढायची. "अण्णा, तुमच्या हाताला तोड नाही!" असं कुणी म्हटलं की जयसिंगराव मिशीवरून हात फिरवत हसायचे.

एकोणसाठ सालच्या नाताळात शेजारच्या मिसेस पिंटोंनी चंद्राबाईला एक नवा पदार्थ शिकवला. त्यांचा नवरा जहाजावर खानसामा होता, तो शिकून आलेला. लोण्यावर मैदा परतायचा, दूध ओतून घोटत राहायचं, मग मलई आणि डब्यातलं चीज किसून घालायचं. त्यात मिरपूड आणि परतलेली कोळंबी. गोल पावाचं वरचं टोपण कापून आतला गर काढायचा, हे सगळं आत भरायचं आणि पिंटोंच्या ओव्हनमध्ये भाजायचं. मग पावाचेच तुकडे तोडून त्यात बुडवून खायचे. चंद्राबाईने आपल्या मनाने त्यात स्वल्प हिरवी मिरची आणि लसूण घातला. पिंटोबाईंनी चाखून बघितलं आणि म्हणाल्या, "आता हा माझा नाही, तुझा झाला."

पुढच्या रविवारी मटणाच्या आधी चंद्राबाईने तो पाव ताटात आणून ठेवला. वरचं चीज अजून बुडबुडत होतं. खंडोजी आणि कृष्णाजी, कारखान्यातले दोघे जुने दोस्त, आधी नुसते बघत राहिले. खंडोजीने तुकडा बुडवून तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"अक्का, हे काय केलंत तुम्ही!"

पाव बघता बघता संपला. तळाचा भागही दोघांनी वाटून खाल्ला. मटण आलं तेव्हा पोटात जागा नव्हती. कृष्णाजीने दोन तुकडे खाऊन ताट सरकवलं आणि पुन्हा पावाचंच बोलायला लागला. जयसिंगराव हसले खरे, पण मटणाचं पातेलं उचलून आत ठेवून आले.

कारखान्यातही तेच. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी यायचं, "अण्णा, वैनींचा पाव खायला कधी बोलावताय?" मटणाचं कुणी विचारेना. आपल्याच बायकोची स्तुती ऐकून पोटात आग पडते, याची जयसिंगरावांना लाज वाटायची आणि लाज वाटली की आग आणखी भडकायची. घरी आल्यावर ते आमटीत मीठ जास्त झालंय म्हणायचे. झालेलं नसायचं.

शेवटी खंडोजीने पुन्हा विचारलं, तेव्हा ते बोलून गेले, "या रविवारी जमणार नाही. तिला ताप आहे. अंथरुणावरच आहे."

शनिवारी संध्याकाळी खंडोजी आणि कृष्णाजी मोसंबी घेऊन दारात उभे राहिले. चंद्राबाई ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. जयसिंगराव घाईने पुढे झाले.

"अक्का, ताप कसा आहे?" खंडोजीने विचारलं.

चंद्राबाईने नवऱ्याकडे पाहिलं. सगळं कळायला तेवढंच पुरलं. "उतरला आज," ती शांतपणे म्हणाली. "बसा, कॉफी करते."

पाहुणे गेल्यावर तिने सूप भिंतीला टेकवून ठेवलं.

"मला आजारी पाडायची काय गरज होती?"

"चुकलं," जयसिंगराव म्हणाले. मग खाली बघत पुढे बोलले, "सगळे तुझंच नाव घेतात. मला बघवत नाही. बस, एवढंच आहे."

चंद्राबाई ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ती पदराने हात पुसत राहिली.

"वाटण माझं असतं," ती म्हणाली. "मसाला मी भाजते. लग्न झाल्यापासून दर रविवारी तुमचं कौतुक दाराआडून ऐकते. कधी कधी वाटायचं, एखादे दिवशी मुद्दाम मीठ जास्त घालावं. घातलं नाही. तुम्हाला एका पावात सोसेना झालं, अहो!"

हे जयसिंगरावांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः पिशवी घेऊन रसेल मार्केटला गेले. मद्रासहून बर्फात आलेली कोळंबी वास घेऊन, निवडून आणली. मटणाची चूल पेटवली नाही. चंद्राबाई मैदा परतत असताना शेजारी बसून कोळंबी सोलली, मधला काळा दोरा काढायला ती सांगेल तसं शिकले. दुपारी दोघा मित्रांना बोलावून आणलं.

पाव ताटात आल्याबरोबर खंडोजी म्हणाला, "तापातून उठल्या उठल्या एवढं केलंत अक्का?"

"तिला ताप नव्हता," जयसिंगराव म्हणाले. "तुम्ही तिचंच कौतुक करता म्हणून मी खोटं बोललो."

कृष्णाजीला वाटलं अण्णा थट्टा करतायत, तो मोठ्याने हसला. खंडोजीही हसला. चंद्राबाई हसली नाही.

"सरी, असू दे, गार होतंय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच वाढायचं सोडून त्यांच्या पंगतीत खाली बसली.

खंडोजीने पहिला घास घेऊन पुन्हा वाहवा केली. जयसिंगरावांना ती पुन्हा टोचली, अगदी पहिल्यासारखीच. ते उठून गेले नाहीत. पावाचा एक खरपूस तुकडा तोडून त्यांनी तिच्या ताटात ठेवला आणि कृष्णाजीला म्हणाले, "मटणाचा मसालाही तीच भाजते, बरं का."

"काय सांगता!" कृष्णाजी म्हणाला आणि चंद्राबाईकडे वळून मसाल्यात काय काय घालता म्हणून विचारायला लागला. ती सांगत राहिली. जयसिंगराव मान खाली घालून खात होते.