नऊ पॉइंट आठच्या आसपास

“विश्वात सत्य एकच असतं,” खैरनार सरांनी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाहीर केलं. ते सत्य म्हणजे नऊ पॉइंट आठ. गुरुत्वाकर्षणाचा हा आकडा एकवीस जर्नलांत अगदी एकसारखा उतरला होता, कारण निकिता या सीनियरचं गेल्या वर्षीचं जर्नल एकवीस जणांच्या हातांतून फिरलं होतं.

बाविसावी चैताली. लंबकाच्या प्रयोगाच्या दिवशी तिची हरसूलची एसटी चुकली, ती उशिरा पोचली, निकिताचं जर्नल काही तिच्या हाती लागलं नाही, आणि नाइलाजाने बिचारीने प्रयोग केला. उत्तर आलं नऊ पॉइंट अठ्ठावन्न. आता जर्नलवर सरांची सही मिळाली नाही, तर सोमवारी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं.

“हे काय आणलंस?” सरांनी विचारलं.

“प्लस-मायनस पॉइंट चोवीस आहे ना पुढे, सर. दोऱ्याची लांबी मोजण्यात अर्धा टक्का चूक धरली, वेळेत एक. पण सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून त्या एकाचे दोन झाले. एकूण अडीच टक्के.”

“म्हणजे माझं नऊ पॉइंट आठ चुकलं?”

“नाही सर, तुमचंही बसतं त्यात. कडेला, पण बसतं.”

“एसटीत तिघांच्या सीटवर बसलेल्या चौथ्यासारखं,” मागून फराज म्हणाला.

सरांनी बाह्या सरसावल्या. तेवीस वर्षांत त्यांनी लंबकाला हात लावला नव्हता. उत्तर माहीत असताना लावायचा कशाला? त्यांनी गोळा सोडला आणि मोठ्याने वीस हेलकावे मोजले. चैतालीला चाळीस पॉइंट सहा सेकंद लागले होते, सरांना चाळीस पॉइंट नऊ. फळ्यावर गणित पुढे सरकलं तसं अक्षर बारीक होत गेलं. उत्तर आलं नऊ पॉइंट चव्वेचाळीस.

चैतालीने अडीच टक्के लावून पाहिले. “नऊ पॉइंट अडुसष्टपर्यंत जातं, सर. तुमच्या नऊ पॉइंट आठपर्यंत नाही पोचत.”

वर्गातल्या सगळ्यांना एकदम आपापल्या वहीत काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं. सरांनी चैतालीचं जर्नल ओढलं आणि तारखेसकट सही ठोकली. मग टेबलावर वाकून हळूच म्हणाले, “अगं, तुझं बोट एकोणीस वर्षांचं, माझं चौपन्न. स्टॉपवॉच दाबताना मागे-पुढे होणारच. माझे तेवढे चार टक्के करता येतात का, बघ ना.”