अहिल्याबाईंची बत्तीशी

मागच्या वर्षी शर्यतीत बैहर रोडच्या घाटीत अहिल्या सायकलवरून उतरली अन् पायी चालली, अन् नेमकं ते शेजारच्या वसंतानं पाहिलं. एवढंच झालं होतं. पण वसंतानं ते वर्षभर गल्लीत पुरवून पुरवून वाढलं. "वहिनी सायकल फिरवाले घेऊन गेलत्या," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. यंदा घाटीत पाय टेकायचा नाही, हे अहिल्येनं ठरवून टाकलं. वय सेहेचाळीस, गुडघा एकच धड.

शर्यत म्हणजे वारासिवनीहून बालाघाटपर्यंत सपाट रस्ता, अन् मग घाटी; शेवट घाटीच्या माथ्यावर. सायकल दुरुस्त करणाऱ्या पुनारामनं मागच्या चाकाच्या दोन गराऱ्या, म्हणजे साखळीच्या दातेरी चकत्या, तिच्यापुढे ठेवल्या.

"हे पंचवीस दातांची. सपाटीवर पाय लयीत चालते, घाटात छाती फाटते. हे बत्तीसवाली घाटात हलकी, पण सपाटीवर पाय नुसते रिकामे फिरल्यासारखे. दोन्ही सुखं एका चाकात नाही बसत, बाई."

"बत्तीसच द्या. सपाटीवर मांगं राह्यली तरी चालते मले."

"वसंताभाऊनं बी शर्यतीसाठी बत्तीसच सांगून ठेवली आहे."

अहिल्येचं तोंड उतरलं.

दोन दिवसांनी पुनाराम दुकानातून फोनवर मोठ्यानं बोलला, "अहिल्याबाई, तुमची बत्तीशी आली. आजच बसवून देतो." बाजूला गल्लीतली मैनाबाई मोपेडचं पंक्चर काढून घ्यायला बसली होती. तिला एवढंच पुरलं.

संध्याकाळी ती रव्याच्या खिरीचा डबा घेऊन हजर. "चावाचं काम नाही हो. एवढ्याशा वयात सारे दात गेले तुमचे." तिच्या पाठोपाठ वसंता. "वहिनी, हिरड्या सुजल्या असतीन. आता सायकल-बियकल राहू द्या."

अहिल्या खरं सांगायला तोंड उघडणारच होती. तेवढ्यात तो म्हणाला, "तुम्हीच नाही, तर मी काहून गरारी बदलू? पुनारामले नाही म्हणून देतो."

तिनं तोंड मिटलं. गालाला पदर लावून "ऊं" म्हणाली. पुढचे चार दिवस ती गल्लीत त्या एका ऊंवर राहिली. नवरा गुणाकर रोज नवीन कोणाची खीर आली ते विचारायचा अन् अर्धी तोच संपवायचा.

शर्यतीच्या सकाळी वारासिवनीत वसंता तिला पाहून चपापला. "वहिनी, दात?"

"सारे माझेच आहेत, भाऊ."

शिट्टी वाजली. सपाटीवर वसंता गेला तो गेलाच, धानाच्या बांध्यांपलीकडे दिसेनासा झाला. अहिल्येला तो पुन्हा दिसला घाटीच्या तिसऱ्या वळणावर. सायकल हातात, स्वारी पायी.

ती त्याच्या बरोबरीला आली. पण पुढं काही जाईना. बत्तीस दातांवर पाय गरगर फिरत होते अन् सायकल मुंगीच्या चालीनं सरकत होती.

"फसवलं मले तुम्ही."

"मी तर बोललीच नाही."

"चालणारा माणूस बरोबरीनं येऊन राह्यला, वहिनी. याले सायकल चालवणं म्हणते का?"

"हौ," ती म्हणाली. श्वास तेवढ्याच शब्दाचा शिल्लक होता.

तो बडबडत राहिला, ती पायडल मारत राहिली. माथ्यावर वसंतानं जोर लावून आपलं चाक वीतभर पुढं ढकललं. "जिंकलो मी."

"जिंका भाऊ," अहिल्या म्हणाली. "मी बसून आली."

थांबलं तर पाय टेकावा लागला असता, म्हणून ती थांबलीच नाही. पलीकडच्या उतारावर तिनं सायकल सोडून दिली, अन् मागं वसंता अजून एका पायानं पायडल शोधत होता.