आठासाठी अकरा

माझी मान पिरगाळली की मी जिवंत होतो. माझ्यासारखे जगात फार कुणी नसतील. मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला एक जुना टायमर आहे. वाटोळा, पत्र्याचा, एकेकाळी लाल असलेला. डोके फिरवून मला एका आकड्यावर लावायचे, मी टिकटिक करत शून्यापर्यंत यायचे आणि घंटा वाजवायची, एवढेच माझे काम. पण खरे सांगू का? मला स्वस्थ बसवत नाही. घंटा वाजली की पोटातली कमान सैल पडते आणि मी ओट्याच्या कोपऱ्यात गप्प होतो. मग मला सारखे वाटत राहते, की कुठेतरी काहीतरी उतू जाते आहे, काहीतरी करपते आहे, आणि मला मात्र कुणी लावलेलेच नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. जाड चष्म्याच्या एका बाईने माझ्या पोटात कमान बसवली, मला कानाशी धरले, मान डोलावली आणि पुढे सरकवले. तेव्हा माझे मिनिट अगदी साठ सेकंदांचे होते. पुढे काही महिने मी एका भांड्यांच्या दुकानात काचेमागे काढले. शेजारच्या किसण्या आणि चाळण्या कशा सुखात पडून असायच्या! मी मात्र दार वाजले की दचकायचो. एक दिवस एक तरुण बाई आत आली. तिने मला दुकानातच पाच मिनिटांवर लावले, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिले आणि मगच पिशवीत टाकले. ती शहरात बस चालवते आणि तिचे वडील घड्याळे दुरुस्त करतात, हे मला घरी गेल्यावर कळले.

त्या घरात माझे दिवस मोठ्या मानाचे गेले. अंडी माझ्या घंटेवर उकडली, केक माझ्या घंटेवर भट्टीतून बाहेर आले. बाईचा नवरा छापखान्यात मुद्रिते तपासतो. लोकांच्या चुका शोधणे हाच त्याचा धंदा, पण तोही म्हणायचा, "या पठ्ठ्याची एकही चूक सापडत नाही." असे कौतुक ऐकले की माझी टिकटिक जरा जोरात व्हायची.

मग त्यांना मुलगी झाली. ती रांगू लागली, चालू लागली आणि एके दिवशी खुर्चीवर चढून तिने मला फ्रिजवरून खाली ढकलले. मी फरशीवर तीन गोलांट्या खाल्ल्या. टवका उडाला त्याचे काही नाही, पण पोटात काहीतरी सरकले आणि तेव्हापासून मी पळत सुटलो. आठ मिनिटांत माझी अकरा मिनिटे संपू लागली. मला आवरायचे होते हो, पण आवरता येईना.

मला वाटले, आता आपली रवानगी कचऱ्यात. पण घरच्यांनी मला टाकले नाही, त्यांनी हिशेबच बदलला. आठ मिनिटे हवी असली की अकरावर लावायचे. "अगं, आपली अकरा लाव," असे ते एकमेकांना सांगत, आणि बाहेरच्या माणसाला त्याचा काही अर्थ लागत नसे. मुलगी मोठी झाली तशी चलाख झाली. अभ्यासाचा एक तास ती मोबाइलवर लावू देत नसे. "टायमरच लावते ना," म्हणायची. माझा तास पाऊण तासाच्या आतच आटपतो, हे तिला पक्के ठाऊक होते. बापाच्या लक्षात यायला दोन वर्षे लागली.

घरात एकाचे तीन मोबाइल झाले तसा मी मागे पडलो. माझ्या डोक्यावर तेलकट धूळ साचली. पण दर गुरुवारी संध्याकाळी मला हमखास हात लागायचा. त्या दिवशी बाईची ड्यूटी दोन तुकड्यांत असे. सव्वासहाला ती घरी येई आणि सातच्या पाळीसाठी दहा कमी सातला निघे. त्या पस्तीस मिनिटांत शिजवायचे, चौघांनी एकत्र बसून खायचे आणि पळायचे. म्हणून गुरुवारी शेंगदाण्याच्या सॉसमधल्या तिखट नूडल्स ठरलेल्या. भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, सोया सॉस, चिमूटभर साखर आणि लिंबू असे सगळे मिक्सरमधून काढायचे, नूडल्सच्याच गरम पाण्याने सैल करायचे आणि वर नूडल्स ओतून ढवळायचे. हात दाण्यांच्या तेलाने माखलेले असत, मोबाइलला हात लावायची सोय नसे, म्हणून मग माझी आठवण. मला कोपराने ढकलून अकरावर लावत. चालेल, कोपर तर कोपर.

चौघे म्हणालो, कारण आठ महिन्यांपूर्वी बाईचे वडील इथे राहायला आले होते. नजर अधू झाली, हात थरथरू लागले, म्हणून त्यांनी दुकान बंद केले. लेकीने आग्रह करून त्यांना आणले आणि खिडकीपाशी चांगली गुबगुबीत खुर्ची दिली. आजोबा कप उचलायला उठले की जावई धावे, "बाबा, राहू द्या, मी घेतो." ते ओट्याकडे वळले की लेक म्हणे, "बाबा, तुम्ही बसा बघू निवांत." सगळे प्रेमानेच चालले होते. पण मी त्यांच्याकडे पाहायचो ना! त्यांचा पाय सारखा हलत असे. बोटे खुर्चीच्या हातावर काहीतरी फिरवल्यासारखी फिरत. हा माणूस माझ्याच जातीचा आहे, हे मी पहिल्या आठवड्यात ओळखले.

एका बुधवारी ते म्हणाले, की त्यांच्या जुन्या दुकानावरची खोली रिकामी झाली आहे आणि ते तिथे एकटे राहायला जातील. लेकीचा चेहरा उतरला. एकट्याने जिना चढणार, एकट्याने जेवणार? ते म्हणाले, "खोलीवाला उद्या संध्याकाळी सातला फोन करणार आहे. मी हो म्हणणार आहे."

"उद्या गुरुवार आहे," लेक म्हणाली. "आधी आपण एकत्र जेवू. मग काय ते सांगा त्याला. एवढं ऐकाल?"

ते हो म्हणाले. त्या जेवणात वडिलांचे मन वळवायचे, असा तिचा बेत होता. बोलायला तिला पंधरा मिनिटे मिळाली असती.

गुरुवारी दुपारी घरात कुणी नव्हते. आजोबा ओट्यापाशी आले आणि त्यांनी मला सहज एका मिनिटावर लावले. कान टेकवला. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या देखत बेसूर गात होते. त्यांनी आपली हत्यारांची पेटी काढली, डोळ्याला भिंग लावले आणि माझी पाठ उघडली.

हात थरथरत होते, म्हणून त्यांनी एक पातेले उपडे घालून त्यावर मनगट टेकवले. सरकलेले दातेरी चाक चिमट्याने जागेवर आणले. थेंबभर तेल दिले. एक बारीक स्क्रू पडला, तो शोधत ते अर्धा तास टेबलाखाली रांगत होते. शेवटी तो त्यांच्याच गुडघ्याला चिकटलेला सापडला, तेव्हा स्वतःशीच हसले. मग मनगटावरच्या घड्याळाशी मला तीनदा ताडून पाहिले. सेकंदाचाही फरक नाही! "जाण्यापूर्वी या घरातली एक तरी गोष्ट नीट करून ठेवली," असे पुटपुटत त्यांनी मला पुसून होते तिथे ठेवले.

इतक्या वर्षांनी माझ्या पोटातली ओढाताण थांबली होती. मला बरे वाटायला हवे होते. पण माझ्या जिवाला घोर लागला. घरच्यांना हे सांगणार कोण?

सव्वासहाला बाई आली. किल्ल्या टेबलावर, चपला कुठेही. नवऱ्याने आधीच पाणी ठेवले होते, मुलगी लिंबू पिळत होती, मिक्सर घुरघुरत होता. आजोबा उठले. "बाबा, बसा हो, झालंच," दोघे एकदम म्हणाले. ते परत बसले. नूडल्स पाण्यात पडल्या आणि बाईच्या कोपराने मला अकरावर ढकलले.

मित्रांनो, ती अकरा मिनिटे मी कशी काढली ते माझे मला ठाऊक. आठ झाली. नूडल्स झाल्या होत्या. मला ओरडून सांगायचे होते, की उतरवा, आत्ता उतरवा! पण शून्यावर आल्याशिवाय मला तोंड नाही. नऊ. वाफेने माझा पत्रा ओलाचिंब झाला. पातेल्यातून येणारा खळखळाट जाड होत गेला. खुर्चीत आजोबा डोळे मिटून माझी टिकटिक ऐकत होते आणि गालात हसत होते. दहा. "झाल्या असतील का गं?" नवऱ्याने विचारले. "टायमर कुठे वाजलाय अजून?" ती म्हणाली. तिचा माझ्यावर केवढा विश्वास! पळपुटा होतो तरी माझे पळणे कधी चुकले नव्हते.

मी वाजलो, पण मनातून मेलो होतो. नूडल्स चाळणीत पडल्या त्या गोळा होऊनच. सॉसमध्ये ढवळल्यावर तर कोण नूडल आणि कोण सॉस ते कळेना.

"आई, ही तर खळ झाली!" मुलगी म्हणाली.

बाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. "हा मेला बिघडला वाटतं."

"नाही, नाही," आजोबा घाईने उठले. "तो बरोबर आहे. मी दुपारीच दुरुस्त केलाय. पाकिटावर आठ मिनिटं लिहिलीयेत, तुम्ही आठच लावलीत ना?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले. शेवटी मुलगीच म्हणाली, "आजोबा, आम्ही अकरा लावतो. आपला टायमर पुढे पळतो ना, म्हणून आठासाठी अकरा. कायमच."

आजोबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. "असं होय," म्हणाले. "मला माहीत नव्हतं." मग अगदी हळू म्हणाले, "मी हातच लावायला नको होता," आणि फोन ठेवलेल्या टेबलाकडे निघाले. त्यांच्या पाठीकडे पाहून मला माझी दुरुस्ती नकोशी झाली.

"बाबा, थांबा," बाई म्हणाली. तिच्या हातात डाव तसाच होता. "शेजारच्या काकूंनासुद्धा माहितीये आमची अकरा. तुम्ही आठ महिने या घरात आहात आणि तुम्हाला माहीत नाही. कसं माहीत असणार? मी तुम्हाला ओट्यापाशी येऊच दिलं नाही."

"तू माझ्या आरामासाठीच म्हणत होतीस गं."

"पण तुम्हाला आराम पडला का?"

"नाही," ते म्हणाले. "बसून बसून जीव विटला माझा."

दहा कमी सात होत आले होते. तिला खायला वेळ नव्हता, समजूत घालायला त्याहून नव्हता. तिने रिकामी चाळणी वडिलांच्या हातात दिली. "दुसरं पाकीट वरच्या फळीवर आहे. अर्धा सॉस वाटीत उरलाय, लागेल तसं पाणी घाला. माझी बस सात-वीसला आपल्या कोपऱ्यावरून जाते. मला डबा लागेल, बाबा. भूक लागलीये." एवढे बोलून ती निघाली. कपाळाला सॉस लागला होता, तो तसाच.

आजोबांनी बाह्या सरसावल्या. जावई सवयीने "मी करतो" म्हणायला गेला, तर मुलीने त्याला कोपराने ढोसले. मग तो पाणी आणून देऊ लागला, आणि आजोबा त्याला चक्क कामे सांगू लागले. पाणी उकळले. नूडल्स पडल्या. आजोबांनी मला दोन बोटांत धरून आठावर लावले.

चार मिनिटे उरली असताना फोन वाजला. नातीने तो आजोबांच्या कानाशी धरला, कारण त्यांचे हात तेलकट होते.

"हं, बोलतोय," ते म्हणाले. "नाही, खोली नको. नाही, पुढच्या महिन्यातही नको. अहो, कारण काय विचारता, मला आत्ता अजिबात वेळ नाही!"

मी वाजलो तेव्हा नूडल्स मोकळ्या, सुटसुटीत निघाल्या. डबा भरून आजोबा आणि नात धावत गेले. थोड्या वेळाने परत आले ते दोघेही धापा टाकत. नात बापाला सांगत होती, की आईने बसचे दार उघडले, डबा घेतला, आणि आजोबा भर रस्त्यात, सगळ्या प्रवाशांसमोर ओरडले, "बरोब्बर आठ मिनिटं!"

आता दर गुरुवारी नूडल्स आजोबा करतात. तिखट जरा जास्त पडते, पण कुणाची बोलायची टाप नाही. कधी कधी जावई सवयीने मला अकरावर लावतो आणि आजोबा मागून येऊन गुपचूप आठावर आणतात. मी अजून अस्वस्थच असतो, तो माझा स्वभाव आहे. मुलांनो, आम्हा वस्तूंना पुसत जा, वर्षातून एकदा थेंबभर तेल द्या, आमचे भागते. पण घरात कुणी राहायला आले, तर त्याला नुसती चांगली खुर्ची देऊन थांबू नका. कोणता नळ उलटा फिरतो, कोणते दार उचलून लावावे लागते आणि आठासाठी अकरा का लावायची, हे सगळे त्याला पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर तो बिचारा तुमच्या घरात राहील, पण तुमच्या घरचा होणार नाही.