सरड्याच्या पापण्या

संग्रहालयासाठी प्राण्यांचे नमुने घडवणाऱ्या त्या कारागिराने पाल केली, घोरपड केली, चकचकीत सापसुरळीसुद्धा केली. पण त्यांच्याच गोतावळ्यातल्या बिनपायांच्या सरड्याने त्याच्या नाकी नऊ आणले. पाय नाहीत म्हणून लोक त्याला खुशाल साप समजतात. पण सापाला पापण्या नसतात, याला असतात. डोळे मिचकावतो बेटा! कारागिराने केलेल्या पापण्या मात्र कधी सुजल्यासारख्या दिसत, कधी डोळे आल्यासारख्या.

पापण्या करायची ती त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी ती बहिणीकडे राहायला गेली ती गेलीच. भांडण नाही, आदळआपट नाही. तिच्याशिवाय घर खायला उठायचं, पण ‘ये’ म्हणायला याची जीभ काही रेटत नव्हती. आता आयतं निमित्त मिळालं होतं. खरं सांगायचं तर एक पापणी त्याला बरी जमली होती. ती त्याने स्वतःच अंगठ्याने चेपून टाकली, सरडा टॉवेलात गुंडाळला आणि मेहुणीचं घर गाठलं.

मेहुणीने दार उघडून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग टॉवेलाकडे.

“ताई, तुझं काम आलंय गं,” एवढं बोलून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

बायको चष्मा लावून खिडकीशी बसली. मेणाचा कण नखावर चपटा करून तिने तो सुईच्या टोकाने डोळ्यावर बसवला. कारागीर समोरच्या स्टुलावर बसून तिच्याकडेच बघत राहिला. तिच्या कानामागे एक पांढरी बट आली होती. ती कधी आली हे आपल्याला माहीतच नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

“झाल्या,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. हे काम संध्याकाळपर्यंत तरी पुरेल, अशी त्याला आशा होती.

तिने सरड्याचं डोकं उजेडात फिरवलं. “आणि कान?”

“कसले कान?”

“अहो, सापाला बाहेरून कान नसतात. याला असतात, डोळ्यांच्या मागे, बारीक भोकं. तुमच्याकडून नेमके कानच बरे राहिले!” ती हसली. अगदी पूर्वीसारखी हसली.

त्याला मात्र हसू आलं नाही. आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही, हे त्याला कळलं.

“तू निघालीस ना, तेव्हा दारातून काहीतरी म्हणाली होतीस. मी खवले कोरत होतो. आवाज आला, शब्द नाही कळले. तेव्हापासून डोकं फोडून घेतोय. काय म्हणाली होतीस गं?”

तिने चष्मा काढला.

“‘खरंच जाऊ का?’ असं विचारलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही ‘हं’ म्हणालात.”