सातवा उठला तेव्हा

मी एक जुनी मतपेटी आहे, आणि मित्रांनो, मला रिकामे बसवत नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या डोंगरातल्या एका लहान गावाच्या सभागृहात, कपाटात माझा मुक्काम असतो.

मेपलच्या लाकडातून मला घडवताना सुतार म्हणाला होता, "आपल्याकडे राजा नाही, म्हणून पेटी लागते." त्याने माझी चीर मुद्दाम अरुंद ठेवली. एका वेळी एकच चिठ्ठी आत जावी, गिरणीमालकाची असो की त्याच्या गड्याची. पण कित्येक वर्षे बाईमाणसाची एकही चिठ्ठी माझ्यात पडू दिली नव्हती. त्याची मला आजही लाज वाटते.

दर मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते. पूर्वी प्रत्येक मोठ्या ठरावाला मी टेबलावर असे आणि लोक माझे कौतुक करत. पुढे गावाला घाई झाली. लोकांनी 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे आणि सभापतीने नुसत्या कानाने निकाल द्यायचा. तो कुणाला पटला नाही तर सात जणांनी उभे राहायचे, मगच मला बाहेर काढायचे. अकरा वर्षे सात जण काही उठले नाहीत. माझ्या बिजागऱ्या गंजल्या. दर सभेला आतल्या आत नुसती तळमळ व्हायची.

मग टेकडीवरचा रस्ता बंद करण्याचा ठराव आला. त्या रस्त्याच्या टोकाला लुसिंडा बेकेट ही म्हातारी एकटी राहायची. गावाने बर्फ काढणे थांबवले, तर पुढच्या हिवाळ्यापूर्वी तिला घर सोडावे लागणार होते. ती दोनच वाक्ये बोलली आणि खाली बसली. रस्ता बंद करा म्हणणाऱ्यांचा पुढारी होता विन्स्लो. रस्त्यावरचे बर्फ काढायचे यंत्र तोच चालवायचा, आणि त्या चढावर ते दोनदा घसरले होते.

'हो' एवढ्या जोरात आले की माझे कपाट हादरले. 'नाही' आले ते पुटपुटल्यासारखे. सभापती होरेस यांनी ठराव मंजूर म्हटले. कुणीतरी शंका घेतली. बाके करकरली. गावची कारकून उभे राहिलेल्यांना मोजू लागली आणि सहावर थांबली. मी कपाटात नुसती तडफडत होते.

तेवढ्यात पुढचे बाक करकरले.

"विन्स्लो, अरे, तू जिंकलायस. बस खाली," होरेस म्हणाले.

"रस्ता बंदच व्हायला हवा, होरेस. पण माझा आवाज मोठा आहे म्हणून नको. मोजा."

मला बाहेर काढले. झाकण उघडताना मी इतकी किंचाळले की लोक हसले. चिठ्ठ्या पडत गेल्या. बंद करा म्हणणारे एकसष्ट, नको म्हणणारे चौसष्ट. विन्स्लोने टोपी चढवली. "म्हणजे पहाटे मलाच उठायचंय," तो लुसिंडाला म्हणाला.

त्याच आठवड्यात बर्फ पडले. सभागृहावरून त्याचे यंत्र सर्वांत आधी टेकडीकडे गेले. मी कान देऊन ऐकत होते.

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेल घाला. आणि तुमची बाजू जिंकत असताना मागे कुणी हळू आवाजात 'नाही' म्हणाले, तर कृपा करून उभे राहा. मला कपाटातून स्वतः बाहेर येता येत नाही.