तुकाराम तांडेलाचा गोरा नातू

आगरदांड्याच्या कोळीवाड्यात तुकाराम तांडेलाच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती. लेकाच्या लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर नातू झाला, तोही गोरापान, तेव्हा तर म्हाताऱ्याने कहरच केला. प्रीतमच्या खोलीला जाड पडदे लावले, एसी बसवला आणि सुनेला, दिपालीला बजावलं, "पोराला उंबऱ्याभायेर काढायचा न्हाय. काळा पडंल. आनि आपल्या बायांची नजर म्हंजे ताजं पापलेट नासवनारी."

पोराबरोबर दिपालीही आत अडकली. तिचा नवरा भावेश बोटीवर असायचा, आणि घरी आला तरी बापापुढे त्याच्या तोंडातून फक्त घास आत जायचा, शब्द काही बाहेर पडायचा नाही.

आठव्या महिन्यात प्रीतमला खोकला धरला, ताप चढला. एका दुपारी त्याचे हातपाय ताठ होऊन झटके येऊ लागले. तुकारामाने दृष्ट काढायला मीठ-मिरच्या घेतल्या. दिपालीने पोर उचललं.

"बाबा, त्या मिरच्या कालवणात टाका. रिक्षा बोलवा आधी."

सुनेचा हा आवाज तुकारामाने कधी ऐकला नव्हता. तो मुकाट रिक्षा आणायला धावला.

अलिबागच्या हॉस्पिटलात प्रीतमला आयसीयूत घेतलं, श्वासाचं यंत्र लावलं. संध्याकाळी डॉक्टर रुचिकाने दोघांना बोलावलं. न्यूमोनिया होताच, पण रक्तात ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. त्यामुळे कॅल्शियम खाली गेलं आणि आकडी आली.

"ड म्हंजे?" तुकारामाने विचारलं.

"उन्हात अंगाला मिळतं ते, आजोबा."

"मॅडम, ऊन खाऊन आमचा बोंबील वाळतो, जवळा वाळतो, आमी सोता वाळलो. कोळ्याच्या घरात उनाचा दुष्काळ? मशीन तपासा तुमची."

"मशीन ठीक आहे. बाळ उन्हात कधी जातं?"

"कदीच न्हाय," तुकाराम छाती काढून म्हणाला. "वारा लागू दिला न्हाय त्याला."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. दिपाली भिंतीकडे बघत म्हणाली, "मलापन न्हाय."

मग आईचंही रक्त तपासलं, तिथेही खडखडाट. पोर तिच्याच दुधावर होतं. डॉक्टरांनी समजावलं की आईच्या दुधात हे मुळात कमीच असतं, म्हणून पहिल्या वर्षी थेंब द्यावेच लागतात. इतकी आजारी पडून येणाऱ्या कित्येक मुलांत ही कमतरता सापडते. नुसत्या उन्हाने आता भागणार नव्हतं.

"तुमी घेता का वो हे?" तुकारामाने खवचटपणे विचारलं.

"घेते ना. दिवसभर मी या खोलीत, मला कुठलं ऊन?"

म्हातारा बाहेर बाकावर जाऊन बसला आणि मनातल्या मनात गावदेवीशी भांडू लागला. नातवासाठी नवस घेताना गप्प बसलीस, पडदे लावताना गप्प बसलीस, एक शिंक तरी द्यायचीस. चहावाल्याने दिलेला पेला बाजूला तसाच निवत राहिला.

चौथ्या दिवशी नळी काढली. प्रीतम घोगऱ्या आवाजात रडला. दिपाली रडत रडत हसली. भावेश तोवर बोट सोडून आला होता. बायकोच्या शेजारी उभा राहून तो बापाला म्हणाला, "घरी गेल्यावर ते पडदे मी काढनार."

"काढ की. आडवतंय कोन?" तुकाराम पुटपुटला.

घरी आल्यावर रोज सकाळी थेंब पाजायचं काम तुकारामाने हट्टाने मागून घेतलं. पण इतक्यावर भागतंय कुठे? आता कोळीवाड्यात तान्हं मूल दिसलं की तो आईची वाट अडवून विचारतो, "थेंब दिलेस काय गो?" बाया त्याला टाळून मागच्या गल्लीने जाऊ लागल्या. आवडाबाई तेवढी तोंडावर बोलली, "तांडेल, पोर काळा पडला की तुमचा."

"तुज्या बापाचा काय गेला?" तुकाराम म्हणाला.

दिपाली आता रोज प्रीतमला कडेवर घेऊन जेटीवर जाते. किती वेळात येशील, हे विचारायला तुकाराम दोनदा उठला होता. दोन्ही वेळा परत बसला.