तीन फूट मागे

"दोनांवर एक, एकावर दोन,
सांध्यावर सांधा ठेवील तो कोण?"

नॉरीनचा बाप माळावर मेंढ्यांच्या कुंपणाच्या भिंती रचायचा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. हात चालायचे तसं हे गुणगुणणं चालायचं. चहाची बाटली घेऊन आलेल्या लेकीला तो सांगायचा, "एकदा उचललेला दगड परत खाली ठेवायचा नाही, पोरी. त्याची जागा शोधायची. जागा असतेच."

त्या आवाजाला साठ वर्षं झाली. यॉर्कशरच्या डोंगरात त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत, बाप नाही. आणि नोव्हेंबरच्या ओल्या सकाळी, भांडी विसळता विसळता, नॉरीन परसातल्या भिंतीकडे बघत होती आणि तो आवाज कानाशी येऊन बसला होता.

कारण घरात एकच विषय होता. क्लाइव म्हणत होता, मोटरहोम विकून टाकू.

अकरा वर्षं झाली होती त्या चाकांवरच्या घराला. दोन शेगड्या, वीतभर मोरी, कूस बदलायची तर दोघांनी मिळून बदलावी लागेल एवढा पलंग. दर मे महिन्यात ते स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला जायचे. खिडकीशी समुद्र, तव्यावर मासे, आणि सकाळी दार उघडलं की ओलं गवत थेट पायाला. घरात क्लाइव फारसा बोलायचा नाही. तिथं बोलायचा.

"पाच महिने नुसती उभी राहते," तो टोस्टला लोणी लावत म्हणाला. "तिचा कर, तिचा विमा. वर त्या मेंढपाळ सटक्लिफनं हिवाळ्यात गाडी ठेवायच्या कोठाराचं भाडं वाढवलंय. एवढ्यात घोडा पाळला असता."

"घोड्यानं तुझं ऐकलं नसतं."

"गाडी तरी कुठं ऐकते?"

"मग दोघींना विकायला काढ, मला आणि तिला."

क्लाइव हसला नाही. मग सुरी खाली ठेवून म्हणाला, "हिवाळ्याचा सगळा खर्च तीनशे पौंडांत बसवून दाखव. बसला तर ठेवू. नाही तर डिसेंबरात जुन्या गाड्यांचा व्यापारी येऊन घेऊन जाईल. मी शब्द टाकलाय त्याच्याकडे."

गेल्या हिवाळ्याचा खर्च अकराशेच्या घरात गेला होता. क्लाइवनं पैज लावली ती जिंकलेलीच समजून.

"बसवते," नॉरीन म्हणाली.

कराचं काम सर्वांत सोपं निघालं. गाडी रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला कळवायचं, की उरलेल्या महिन्यांचा कर परत. विम्याला मात्र दोन दुपारी गेल्या. सातव्या कंपनीतल्या मुलीनं तिचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं. गाडी चालणारच नसेल तर चोरी आणि आगीपुरता विमा घ्या, म्हणाली, निम्म्याहूनही कमी पडेल. नॉरीननं तिचं नाव विचारून घेतलं, आभार मानायचे तर नावानं मानावेत म्हणून.

राहिलं कोठार. "सटक्लिफकडे न्यायचीच कशाला?" तिनं क्लाइवला विचारलं. "आपल्या दारात उभी आहे की उन्हाळ्यापासून. तिथंच राहू दे."

समोरचा रझाक बस चालवायचा. लहानपणी नॉरीनच्या दारावरून शाळेत जायचा, आता त्याचीच पोरं जात होती. तिचा बेत ऐकून तो कुंपणाशी थांबला. "आंटी, एक सांगू? रागवू नका."

"रागवायचं ते आधी रागवून ठेवते. बोल."

"तुमच्या गाडीचं नाक फुटपाथवर येतंय. आत्ता ठीक आहे, कर भरलाय. पण रस्त्यावर नाही म्हणून कळवलंत, तर ती पुरती तुमच्या हद्दीत हवी. बोटभरही बाहेर नको. दंड येतो घरी."

नॉरीन आत जाऊन मोजपट्टी घेऊन आली. दुसरं टोक क्लाइवच्या हातात दिलं आणि म्हणाली, "वाच."

"तूच वाच. माझा चष्मा आत आहे."

अडीच फूट बाहेर होतं. आणि मागं सरकायला जागा नव्हती, कारण गाडीच्या पाठीशी परसाची दगडी भिंत उभी होती, आणि भिंतीमागं क्लाइवचा रुबार्बचा, त्या आंबट लाल देठांच्या भाजीचा, वाफा.

"झालं तर मग," क्लाइव म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं की सुटका, तिला कळलं नाही.

"कसलं झालं? भिंत तीन फूट मागं घेते."

"तू? एकाहत्तराव्या वर्षी?"

"भिंत शंभराची आहे. ती तक्रार करत नाही."

"आणि माझा रुबार्ब?"

"तूच सांगतोस ना, रुबार्ब थंडीत झोपलेला असताना हलवावा म्हणून? उठेल तेव्हा त्याला कळणारही नाही."

नऊ दिवस लागले. पहिले दोन उतरवण्यात गेले: डोक्यावरचे दगड एकीकडे, पोटातली खडी एकीकडे, पायाचे धोंडे लोखंडी पहारीनं लोटत. मग दोरी ताणून नवा पाया. पाऊस येई, जाई, परत येई. हातमोजे ओले होऊन जड झाले तसे तिनं काढून टाकले. रात्री बोटं मिटत नसत, सकाळी उघडत नसत. पण दगड उचलला की तो खाली ठेवत नव्हती. हातात फिरवायची, तोंड कुठलं, पाठ कुठली ते बघायची, आणि दोनांवर एक, एकावर दोन.

रझाक ड्यूटीवरून येता येता थांबायचा, मोठे धोंडे लोटू लागायचा. "आंटी, आमच्या डेपोत नोकरी देतो. आमची भिंत पाडायला चार माणसं लागली आणि उभारायला अजून कुणी आलं नाही."

क्लाइव चहा आणून द्यायचा आणि आत जायचा. त्यानं रुबार्बचे कंद स्वतः हलवले, अंधुक दुपारी, हातांनी चाचपून, एकेका कंदाला माती लावत. नॉरीन दगडावर बसून बघत राहिली. विकायला निघालेला माणूस पुढच्या सालाचं पीक इतकं जपून लावत नाही, असं तिला वाटलं.

गाडीची आतली कामं तिनं उरकली. नळातलं, टाकीतलं पाणी थेंबाथेंबानं काढलं, गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून. गाद्या वरच्या खोलीत नेल्या. फ्रिजचं दार उघडं ठेवून मधे टॉवेल घातला. नोव्हेंबर संपायला दोन दिवस होते तेव्हा तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद ठेवला.

"दोनशे बारा. वरचं ताडपत्रीचं आवरण धरून."

क्लाइवनं कागद उचलला नाही. "सटक्लिफला वाईट वाटेल," म्हणाला.

"सटक्लिफला मेंढ्या आहेत. चल, आता फक्त मागं घ्यायची. तीन फूट."

नॉरीन लहान गाडी घेऊन बाजारात जायची. ही मोठी मात्र एकदा, पाच वर्षांपूर्वी, बोटीत चढवताना तिनं दाराच्या बाजूनं घासली होती, आणि पुन्हा तिच्या चाकामागं बसले तर नाव बदलेन म्हणाली होती. म्हणून किल्ली तिनं क्लाइवच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती मिटलेल्या मुठीत धरून ठेवली, बराच वेळ.

ती मागं भिंतीशी जाऊन उभी राहिली, हात वर करून. इंजिन सुरू झालं. धूर निघाला. गाडी हलली नाही.

"ये!" ती ओरडली. "ये, मी आहे इथं!"

गाडी हलली नाही. इंजिन घरघरत राहिलं, आणि मग बंद झालं.

ती पुढं आली. क्लाइव दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत होता. तिनं दार उघडलं.

"क्लाइव, तीन फूट आहे नुसतं. नऊ दिवस मी दगड उचललेत. आता कुठलं कारण राहिलंय ते तरी सांग."

"राहिलं नाही एकही," तो म्हणाला. "तू ठेवलंस कुठं? आरशात तू दिसत नाहीस मला, नॉरीन. भिंत दिसत नाही. जिथं बघतो तिथंच डाग येतो, कडेकडेनं तेवढं दिसतं. दोन्ही डोळ्यांत. ऑगस्टमध्येच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता चाक सोडा म्हणून. खर्चाचं मी आपलं पुढं करत राहिलो. मला नव्हती गं विकायची. तू चालव, एवढं तुझ्याकडे मागायला जीभ उचलत नव्हती."